आपल्याकडे काय मलेरिया नसतो?

जून सरत आला की दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या गर्दीत एका वेगळ्या तऱ्हेचे पेशंट दिसू लागतात. त्यांना काहीच झालेलं नसतं. ते केनियाला निघालेले असतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात मसाई मारात विल्डबीस्टचे लाखोंचे कळप येतात आणि ते पाहायला पुण्या-ठाण्याहूनही बऱ्यापैकी स्थलांतर होतं. परवा असंच एक साठीचं जोडपं आलं. त्यांना हवी होती फक्त रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी, विमानतळावर कुणी विचारलं तर दाखवायला. मी विचारलं, "मलेरियाचं काय ठरवलंय?" काकांनी खिशातून पिवळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "इंजेक्शन झालंय की!" आणि काकू हसत म्हणाल्या, "अहो डॉक्टर, आपल्याकडे काय मलेरिया नसतो?"

कार्डाचं आधी सांगून टाकतो, कारण हा गोंधळ फार जणांचा होतो. ते इंजेक्शन यलो फीव्हरचं, म्हणजे पीतज्वराचं. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ते घ्यावं लागतं, एकदा घेतलं की जन्मभर चालतं, आणि केनियाहून परतताना ते कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावर विलगीकरणाची वेळ येऊ शकते. पीतज्वर आणि मलेरिया हे दोन्ही डासांमुळे होतात, एवढंच त्यांचं नातं. डासही वेगळे. त्या इंजेक्शनाने मलेरियाला काडीचाही अडथळा होत नाही.

मलेरियाची लस मग नाहीच का? आहे, आणि गंमत अशी की ती आपल्या पुण्यात तयार होते. ऑक्सफर्डने विकसित केलेली आणि सीरम इन्स्टिट्यूट बनवत असलेली आर-२१ ही लस २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारशीत घेतली. पण ती आहे मलेरियाग्रस्त भागात वाढणाऱ्या लहान मुलांसाठी. पुण्याहून आठ दिवस सफारीला जाणाऱ्यासाठी ती नाही. त्याच्यासाठी आजही दोनच गोष्टी आहेत, डास चावू न देणं आणि गोळ्या.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येऊ. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे मलेरिया असतो, म्हणूनच आपली फसगत होते. मुंबईत पावसाळ्यात जो मलेरिया आपण पाहतो तो बहुतेक वेळा व्हायवॅक्स जातीचा. हुडहुडी भरते, दोन-दोन गोधड्या पांघराव्या लागतात, घाम येऊन ताप उतरतो, पुन्हा चढतो. माणूस आठवडाभर पार गळून जातो, पण औषध घेतलं की सहसा बरा होतो. ओळखीच्यांत प्रत्येकाला कधी ना कधी 'मलेरिया होऊन गेलेला' असतो, आणि त्या आठवणीत भीतीपेक्षा मोसंबीचा रस आणि पेजच जास्त असते. आफ्रिकेत जवळपास सगळा मलेरिया फॅल्सिपॅरम जातीचा. हा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकट करतो. त्या पेशी मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. उपचाराला दोन-तीन दिवस उशीर झाला तर धडधाकट माणूस बेशुद्धीत जाऊ शकतो. २०२३ साली जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं दगावली, त्यातली सुमारे ९५ टक्के आफ्रिकेत. आडनाव एक असलं तरी हे आपल्या ओळखीतलं घराणं नव्हे.

दुसरी समजूत प्रतिकारशक्तीची. "लहानपणी दोनदा झालाय मला, आता काय होतंय." मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती देवीसारखी किंवा गोवरासारखी कायमची नसते. वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा लागण होत राहिली तरच ती अर्धीमुर्धी येते, आणि त्या भागातून बाहेर पडलं की ओसरत जाते. केनियातला जीपचालक गोळ्या घेत नाही म्हणून मी का घेऊ, या प्रश्नाचंही उत्तर हेच. त्याच्या गावातली जी मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत गेली, ती तुम्हाला दिसत नाहीत. त्यातून वाचलेला तुमच्यासमोर स्टिअरिंगवर बसलेला असतो.

तेव्हा गोळ्या घ्यायच्या की नाही, हे 'परदेशी जातोय' एवढ्यावर ठरत नाही. देशाच्या नावावरही पुरतं ठरत नाही. माझ्याकडे कुणी आलं की मी सहलीचा कार्यक्रम मागतो, आणि त्यातही दिवसांऐवजी रात्री मोजतो. कारण मलेरियाचा डास, ॲनोफिलीस, संध्याकाळी सूर्य कलला की बाहेर पडतो आणि पहाटेपर्यंत चावतो. दिवसभर सिंह पाहिलात याला महत्त्व नाही. रात्री कुठे झोपलात, याला आहे.

काही ठिकाणी प्रश्नच उद्भवत नाही. श्रीलंका २०१६ साली मलेरियामुक्त जाहीर झाली, इजिप्त २०२४ साली. मालदीव त्याच्याही आधी. सिंगापूर, बँकॉक, बालीचे किनारे, दुबई यांसाठी गोळ्यांचा विचारही करू नका. त्या पैशांत काहीतरी चांगलं खा. दक्षिण आफ्रिकेत जरा बारकावे आहेत. केप टाउन, जोहान्सबर्गला धोका नाही. क्रुगर अभयारण्यात मात्र साधारण सप्टेंबर ते मे या काळात आहे. लहान मुलं बरोबर असतील तर मी सरळ सुचवतो की क्रुगरऐवजी पिलानेसबर्ग घ्या. सिंह तिथेही आहेत, मलेरिया नाही. सहल ठरवतानाच हा प्रश्न विचारला तर कधी कधी गोळीची गरजच उरत नाही, आणि मला हे उत्तर सगळ्यांत आवडतं. पण लोक माझ्याकडे येतात ते तिकीट काढून झाल्यावर.

केनिया, टांझानिया, युगांडा, नायजेरिया, घाना, काँगो, मोझांबिक, मादागास्कर या सगळ्या पट्ट्यात माझं उत्तर सहसा 'घ्या' असंच असतं. मसाई मारा समुद्रसपाटीपासून १५०० मीटरहून उंच आहे, रात्री चांगलाच गारठा पडतो. त्यावरून 'तिथे कुठले डास' असं सहल कंपनीचे लोक सांगतात. उंचीमुळे धोका कमी होतो हे खरं, पण त्या उंचीला तो संपत नाही. आणि मारानंतर कार्यक्रमात बहुधा व्हिक्टोरिया सरोवर किंवा मोंबासाचा किनारा जोडलेला असतो, तिथे तो चांगलाच वाढतो. "दोनच रात्री आहेत हो" हेही पुष्कळदा ऐकतो. डासाला दोन रात्री पुरतात. खरं तर एक पुरते.

जाता जाता एक. आफ्रिकेतला मलेरिया आजवर मुख्यतः खेड्यांचा होता. पण आपल्या मुंबईच्या इमारतींवर, पाण्याच्या उघड्या टाक्यांत वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास २०१२ साली जिबुतीत सापडला आणि तिथून इथिओपियासह इतर देशांत पसरला. शहरी मलेरियाचा डास तिकडे पोचला तो आशियातूनच. 'आम्ही शहरातल्या मोठ्या हॉटेलात राहणार' हा दिलासा त्यामुळे पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही.

देशातल्या प्रवासाचं काय? गोवा, कोकण, महाबळेश्वर, राजस्थान, केरळ यांसाठी मी कधीही गोळ्या लिहून देत नाही. मच्छरदाणी आणि मलम पुरे. विचार करावा लागतो तो गडचिरोली, ओडिशाचा आणि छत्तीसगडचा जंगली भाग, मिझोराम, त्रिपुरा अशा ठिकाणांचा. लोकसंख्येच्या मानाने महाराष्ट्रातला सगळ्यांत जास्त मलेरिया गडचिरोलीत आहे, आणि तिथे फॅल्सिपॅरमचंच प्रमाण जास्त. उन्हाळ्यात हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प पाहायला जाऊन एक रात्र राहून येणाऱ्याला मी गोळी देत नाही. पण पावसाळ्यात किंवा पावसाळा संपताना भामरागड-एटापल्लीच्या गावांत पंधरा दिवस सर्वेक्षणाला निघालेल्या मुलाला देतो. आपल्या राष्ट्रीय मलेरिया औषध धोरणातही यासाठी सूचना आहे. मुक्काम सहा आठवड्यांच्या आत असेल तर डॉक्सिसायक्लिन, त्याहून लांबला, जसा तो जवानांचा असतो, तर मेफ्लोक्विन. ही सोय आहे हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

आणि उलट्या दिशेचा एक प्रवास. डिसेंबरात अमेरिकेहून लेक नातवंडांना घेऊन येते आणि तिच्या पर्समधून गोळ्यांचं पाकीट निघतं. आजी दुखावते. "आमच्या घरी काय डास पाळलेत का आम्ही?" या भांडणात मला दोनदा पंच व्हावं लागलंय. अमेरिकेची सरकारी आरोग्य यंत्रणा उंच डोंगराळ भाग वगळता जवळपास सगळ्या भारतासाठी गोळ्यांची शिफारस करते. ब्रिटनची मात्र मुंबई-पुण्यासाठी डासांपासून जपा एवढंच सांगते आणि गोळ्या मोजक्याच भागांपुरत्या ठेवते. माहिती दोघांकडे साधारण सारखीच आहे, धोक्याची रेघ कुठे ओढायची यात फरक. तेव्हा लेक चुकत नाही आणि आजीही चुकत नाही. माझं मत विचारलंत तर थंडीत कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तीन आठवडे राहणाऱ्या नातवाला मी गोळी देणार नाही. तोच नातू ऑगस्टमध्ये येऊन दादरच्या तळमजल्यावर राहणार असेल तर मच्छरदाणीचा आग्रह धरीन, आणि आईने गोळी दिली तर अडवणार नाही. तिकडे जन्मलेल्या मुलांच्या अंगात मलेरियाची ओळखसुद्धा नसते, हे आजीने लक्षात घ्यायला हवं.

आता गोळी कोणती. इथे सगळ्यांत आधी घरातली एक जुनी सवय मोडायला हवी. 'आठवड्याला दोन क्लोरोक्विन' हा सल्ला आपल्या मागच्या पिढीने ऐकलाय, आणि आजही एखादा मामा तो देतो. आफ्रिकेतला फॅल्सिपॅरम क्लोरोक्विनला कधीचाच निर्ढावला आहे. ती घेऊन केनियाला जाणं म्हणजे काही न घेता जाण्यासारखंच, वर 'आपण घेतलंय' हा खोटा धीर. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांबद्दलही स्पष्ट सांगतो. होमिओपॅथीवर तुमची श्रद्धा असेल, सर्दीला खुशाल घ्या. मलेरिया टाळण्यासाठी तिचा उपयोग होतो याला पुरावा नाही, आणि इथे चूक झाली तर ती सर्दीएवढी स्वस्त नसते. लसूण खाल्ल्याने किंवा बी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी डास दूर राहतात, हेही खरं नाही.

उपयोगाची औषधं मुख्यतः तीन. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज एक, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि परतल्यावर सात दिवस. त्रास सगळ्यांत कमी, किंमत सगळ्यांत जास्त, आणि गल्लीतल्या दुकानात मिळेलच असं नाही. म्हणून तीन-चार आठवडे आधी शोधायला लागा. ही रिकाम्या पोटी घेऊ नका, स्निग्ध जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्या, नाहीतर अंगी नीट लागत नाही. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना आणि गरोदर बायकांना ही देत नाहीत.

डॉक्सिसायक्लिन स्वस्त, सहज मिळणारी, तीही रोज एक. एक-दोन दिवस आधी सुरू, पण परतल्यावर पूर्ण चार आठवडे. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. म्हणून भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपताना पलंगावर पडल्या पडल्या घोटभर पाण्याबरोबर गिळणारे मग छातीत जळतंय म्हणून येतात. दूध, कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीचं औषध यांच्याबरोबर ती घेऊ नये. शिवाय उन्हाने कातडी भाजते, आणि उघड्या टपाच्या जीपमधलं विषुववृत्तावरचं ऊन हे आपल्या उन्हासारखं वाटलं तरी तसं नसतं. गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही चालत नाही.

तिसरी मेफ्लोक्विन, आठवड्याला एकच. दोन-तीन आठवडे आधी सुरू करायची आणि परतल्यावर चार आठवडे. आठवड्याला एक म्हणून लोकांना ती आवडते, पण काहींना तिने भयंकर स्वप्नं पडतात, चक्कर येते, मन सैरभैर होतं. २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्या वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. नैराश्य, चिंतेचा विकार, फिट्स किंवा हृदयाच्या ठोक्यांची गडबड असेल तर ही नकोच. लवकर सुरू करण्याचा एक फायदा असा की सोसवत नसेल तर ते घरीच कळतं आणि बदलायला वेळ मिळतो.

गरोदर असाल तर गोळी कोणती हा प्रश्न दुय्यम आहे. फॅल्सिपॅरमच्या भागात जाणंच पुढे ढकला. मलेरिया गरोदरपणात फार उग्र होतो. मारा पुढच्या वर्षीही तिथेच असेल. ज्यांची प्लीहा काढलेली आहे त्यांनाही मी हेच सांगतो. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. रक्त पातळ करणारी वॉरफरिन, क्षयाची किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर ती यादी घेऊनच डॉक्टरांकडे जा, आपल्या मनाने गोळी निवडू नका. गोळ्या इथूनच, बिलासह घेऊन जा. तिकडे बाजारात बनावट औषधांचा सुळसुळाट आहे.

परतल्यावर गोळी का घ्यायची, हे कुणी नीट समजावत नाही आणि म्हणून सगळे तिथेच गळतात. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात जाऊन बसतो. तिथे आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ वाढतो आणि मग रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन त्याला मुख्यतः रक्तात गाठतात. म्हणजे शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचा हिशोब चुकता व्हायला तुम्ही घरी पोचून पंधरवडा उलटलेला असतो. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातच मारते, म्हणून तिला सात दिवस पुरतात. माझ्या एका पेशंटने विमानतळावर बॅग ताब्यात घेतली आणि उरलेल्या डॉक्सिसायक्लिन कचऱ्यात टाकल्या, "आता आलो ना घरी" म्हणून. अठराव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप आला. वाचला, पण पाच दिवस अतिदक्षता विभागात काढून.

नोकरीसाठी लागोस, कंपाला, दार-एस-सलामला दोन-तीन वर्षं राहणाऱ्या आपल्या मुलांचा प्रश्न निराळा. पहिले तीन महिने ती गोळ्या घेतात, मग कंपनीतले जुने लोक हसतात आणि पाकीट खणात जातं. इतकी वर्षं गोळी घेणं खरंच अवघड आहे, हे मान्य. पण सोडायची असेल तर खिडक्यांना जाळ्या, कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी आणि ताप आल्याच्या दिवशीच तपासणी, यांत सूट नाही. आणि वर्षभर पुण्यात राहून परत तिकडे जाणारा पुन्हा नवखाच असतो.

गोळी घेतली म्हणून डासांना मोकळीक देऊ नका. कोणतीही गोळी शंभर टक्के नसते. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे फिके कपडे, पायात मोजे. डासांचा चावा अनेकदा घोट्यालाच असतो. डीट असलेलं मलम, २० ते ५० टक्क्यांचं. आधी उन्हाचं मलम, त्यावर हे, आणि घाम आला की पुन्हा. तंबूत मच्छरदाणी असतेच, ती गादीखाली खोचा. नुसती सोडलेली मच्छरदाणी शोभेची.

शेवटचं आणि मला सगळ्यांत जास्त टोचणारं. परतल्यावर ताप आला तर काय? मलेरियाग्रस्त भागात पाऊल ठेवल्यापासून पहिल्या सात दिवसांत आलेला ताप मलेरियाचा नसतो. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत कुठलाही ताप आला, गोळ्या सगळ्या घेतल्या असल्या तरीही, त्याच दिवशी रक्त तपासा. व्हायवॅक्स यकृतात दडून वर्षभरानेही उठू शकतो, या गोळ्या त्याला तिथून हुसकत नाहीत. दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य "मी आफ्रिकेतून आलोय" हे असायला हवं. ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्या डोक्यात फक्त डेंग्यू असतो, आणि प्लेटलेट दोन्हींत कमी होतात. पहिली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून घरी झोपू नका. बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि तिसऱ्यांदाही करून घ्या.

तर ते काका-काकू. काकांना हृदयाचे ठोके आवरणारी गोळी चालू, म्हणून मेफ्लोक्विन बाद. काकूंची अन्ननलिका आधीच जळजळीने त्रासलेली, म्हणून डॉक्सिसायक्लिन बाद. उरली ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. काकांनी मागच्या बिलावर हिशोब मांडला. दोन आधी, नऊ दिवस तिकडे, सात परतल्यावर, प्रत्येकी अठरा. किंमत ऐकून ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "डॉक्सिच्या एकोणचाळीस झाल्या असत्या, नाही का?"

काकू मोबाइलमधल्या कॅलेंडरवर बोट फिरवत होत्या. "परतल्यावरच्या सात म्हणजे ऐन गणपतीत येतायत," त्या म्हणाल्या. "स्निग्ध म्हणालात ना तुम्ही? मोदकावरचं तूप चालेल?"

चालेल म्हटलं.